ईआरके की एमटॉर? रक्तवाहिनीच्या स्नायुपेशींच्या वाढीचा अभ्यास कोणत्या वाटेने करावा

निरोगी धमनीच्या भिंतीतल्या अनैच्छिक स्नायुपेशी क्वचितच विभागतात. फुग्याने धमनी रुंद केली किंवा स्टेंट बसवताना आतले अस्तर खरवडले गेले, की प्लेटलेट्समधून पीडीजीएफ हे वाढीला चालना देणारे प्रथिन बाहेर पडते आणि या पेशी आकुंचनाचे काम सोडून स्थलांतर आणि विभाजन करू लागतात. पीडीजीएफच्या रिसेप्टरपासून (पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहक प्रथिनापासून) आत संदेश पुढे नेणाऱ्या दोन मोठ्या वाटा, म्हणजे रेणूंच्या साखळ्या, फुटतात: रास–राफ–मेक–ईआरके आणि पीआय३के–एकेटी–एमटॉर. हाताशी वेळ एकाच वाटेपुरता असेल, तर निवड विचारपूर्वक करावी लागते.

यातली कोणतीही वाट अडवली तरी विभाजन घटते. त्यामुळे नुसत्या पेशी मोजून कोणती वाट महत्त्वाची हे कळत नाही. पेशी किती वाढतात हा तुमचा प्रश्न आहे, की त्या आपला स्वभाव का बदलतात हा?

स्वभावाचा प्रश्न असेल तर आमचे मत स्पष्टपणे ईआरकेच्या बाजूने आहे. ईआरके एल्क-१ या प्रथिनाला फॉस्फेट जोडते. असे एल्क-१ एसआरएफ या जनुके चालवणाऱ्या प्रथिनाला चिकटून त्याचा जोडीदार मायोकार्डिन याला तिथून हटवते आणि एसएम२२-अल्फासारखी आकुंचनाची जनुके मंदावतात. म्हणजे विभाजनाचा हुकूम आणि ओळख पुसण्याचा हुकूम एकाच साखळीतून सुटतात. एकेटीची भूमिका वेगळी आहे. ती पेशी जगवते आणि प्रथिननिर्मितीला चालना देते, पण आयजीएफ-१ या दुसऱ्या वाढ-प्रथिनाच्या प्रभावाखाली आकुंचनशील रूप टिकवायलाही मदत करते.

सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. रॅपामायसिन या औषधाने एमटॉर संकुल १ (एमटॉर ज्यांतून काम करते त्यांपैकी एक प्रथिनगट) अडवले की एमटॉरच्या हाताखालच्या एस६के१ कडून वरच्या टप्प्यातल्या आयआरएस-१ वर असलेला दाब सुटतो, एकेटी उलट वाढते, आणि विभाजन थांबलेली पेशी आकुंचनशील रूपाकडे झुकते. एलवाय२९४००२ हा अवरोधक मात्र पीआय३के आणि एमटॉर दोन्ही बंद करतो, शिवाय सीके२ या वेगळ्या एन्झाइमलाही त्रास देतो. तेव्हा ‘पीआय३के अडवले’ आणि ‘एमटॉर अडवले’ हे एकच वाक्य नव्हे. रॅपामायसिननंतर ब्लॉटवर (प्रथिने पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) एकेटीच्या सेरिन ४७३ या जागेवरच्या फॉस्फेटचा पट्टा गडद दिसला, तर नमुना बिघडला असे समजू नका. उलटा दाब सुटल्याची ती खूण असू शकते.

मांडणी दोन्हींसाठी सारखीच आहे. पेशी ३ ते ८ पॅसेजमधल्या (तितक्या वेळा नव्या बशीत हलवलेल्या) घ्या. त्यापुढे एसएम-एमएचसी हे आकुंचनाचे प्रथिन इतके घसरते की ‘स्वभाव बदलला’ म्हणायला मूळ स्वभावच उरत नाही. बशीतला थर ६० ते ७० टक्के भरला की ०.१ ते ०.५ टक्के सीरममध्ये (रक्तद्रवात) २४ ते ४८ तास उपाशी ठेवा. ही पायरी उरकल्यासारखी केली तर उत्तेजनाआधीच ईआरके पेटलेले दिसते आणि पुढचा प्रयोग वाया जातो. अवरोधक ३० ते ६० मिनिटे आधी, मग पीडीजीएफ-बीबी (पीडीजीएफचा एक प्रकार) २० नॅनोग्रॅम प्रति मिली. अवरोधक विरघळवायचे डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या वर नको, आणि नियंत्रण विहिरीतही तेवढेच हवे.

मेकसाठी यू०१२६ या अवरोधकाचे १० मायक्रोमोलर प्रमाण रुळलेले आहे, पण ते मेक५ या दुसऱ्या साखळीतल्या भावंडालाही अडवते. ट्रॅमेटिनिब हा दुसरा अवरोधक १० ते ५० नॅनोमोलरमध्ये जास्त नेमके काम करतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तोच घ्यावा. एमटॉरसाठी रॅपामायसिन १० ते २० नॅनोमोलर पुरते, पण एमटॉरच्या हाताखालच्या ४ई-बीपी१ या प्रथिनावरचा परिणाम अर्धवट राहतो. पूर्ण अडवणूक हवी असेल तर टोरिन-१ हा अवरोधक, २५० नॅनोमोलर. पीआय३के अडवणारे वॉर्टमॅनिन माध्यमात फार टिकत नाही, म्हणून २४ तासांच्या प्रयोगात ते वापरू नये.

आता वेळेचे गणित. ईआरकेचा पहिला उंचवटा ५ ते १० मिनिटांत येतो आणि बहुतेकांचे ब्लॉट तिथेच थांबतात. विभाजनाचे चक्र सुरू करणाऱ्या सायक्लिन डी१ या प्रथिनासाठी मात्र त्यानंतरची, कित्येक तास टिकणारी मंद पातळी लागते. ०, ५, १५, ३० मिनिटे आणि मग २ व ६ तास असे नमुने घ्या. एमटॉरसाठी एस६के१ च्या थ्रिओनिन ३८९ या जागेवरचे फॉस्फेट पाहा. एस६के१ ज्यावर काम करते ते एस६ प्रथिन पाहायचे असेल तर सेरिन २४०/२४४ या जागा निवडा, कारण २३५/२३६ या जागांवर ईआरकेच्या हाताखालचे आरएसके हे एन्झाइमही फॉस्फेट जोडते आणि दोन्ही वाटांची सरमिसळ होते. पेशी फोडताना बर्फ आणि १ मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट (फॉस्फेट सुटू नयेत म्हणून) विसरलात, तर पट्टे फिके पडतील आणि दोष अवरोधकाच्या नावावर जाईल.

विभाजन मोजायला एमटीटी (पेशींच्या चयापचयाने रंग येणारी चाचणी) दोन्हींकडे वापरतात. एमटॉरच्या बाबतीत ते फसवे आहे. रॅपामायसिनने पेशीचा आकार आणि चयापचय दोन्ही घटतात, त्यामुळे रंग उतरतो आणि पेशी कमी झाल्यासारखे वाटते. १० मायक्रोमोलर ईडीयू (नव्या डीएनएत शिरणारी खूण), उत्तेजनानंतर साधारण १८ ते २४ तासांच्या खिडकीत, आणि जोडीला प्रत्यक्ष मोजणी एवढे हवेच. उत्तेजक म्हणून अँजिओटेन्सिन-२ हे रक्तदाब वाढवणारे संप्रेरक निवडले असेल तर पेशी बहुधा संख्येने न वाढता आकाराने फुगतात; तिथे प्रथिननिर्मिती मोजावी, आणि त्या कामाला एमटॉरची वाट जास्त सोयीची.

पुढे प्राण्यांवर जायचे असल्यास एक सावधगिरी. उंदराच्या कॅरॉटिड धमनीला फुग्याने इजा केल्यावर मधल्या थरातले पहिले विभाजन मुख्यतः एफजीएफ-२ हे वेगळे वाढ-प्रथिन घडवते. पीडीजीएफचा भर आतल्या थराकडे होणाऱ्या स्थलांतरावर असतो. बशीत पीडीजीएफने विभाजन झाले म्हणून धमनीतही तसेच होईल हे गृहीत धरू नये.

उपचाराच्या जवळचे काम हवे असेल तर पारडे एमटॉरकडे झुकते. सिरोलिमस म्हणजे रॅपामायसिनच, आणि त्याचा लेप असलेला स्टेंट युरोपात २००२ मध्ये, अमेरिकेत २००३ मध्ये मान्य झाला. पण हे औषध आतल्या अस्तराच्या पेशींनाही रोखते, त्यामुळे जखम भरणे लांबते आणि स्टेंटमध्ये उशिरा गुठळी होण्याचा धोका राहतो. म्हणून जी मात्रा स्नायुपेशींवर चालवाल, तीच त्याच दिवशी एंडोथेलियल (अस्तराच्या) पेशींच्या बशीवरही चालवा.