बिल्डरविरुद्ध दाद: स्पर्धा आयोग की महारेरा?

ताबा रखडला की खारघर असो वा घोडबंदर रोड, फ्लॅटधारकांच्या ग्रुपवर कुणीतरी डीएलएफ या बिल्डर कंपनीचं प्रकरण टाकतंच: "630 कोटींचा दंड झाला होता, आपणही स्पर्धा आयोगात जाऊ." जाण्याआधी ते प्रकरण नीट वाचा.

2011 मध्ये स्पर्धा आयोगाने (बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणारी केंद्रीय संस्था) दंड केला, तो गुडगावच्या महागड्या घरांच्या बाजारात कंपनीचं वर्चस्व आहे आणि त्या जोरावर तिने जाचक अटी लादल्या, असं ठरवून. नुसत्या जाचक अटी पुरत नाहीत, आधी वर्चस्व दाखवावं लागतं. खारघर-तळोज्यात एका चौकात पाच बिल्डरांचे फलक असतात. तिथे कुणा एकाचं वर्चस्व कसं दाखवणार? सगळ्यांचे करार सारखेच एकतर्फी असतात हे खरं, पण त्यांनी आपसात ठरवून तसे केले याचा पुरावा हवा. शिवाय दंड सरकारी तिजोरीत जातो. तुम्हाला भरपाई हवी असेल, तर राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे वेगळा अर्ज.

महारेराला, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाला, वर्चस्वाशी देणंघेणं नाही. 5,000 रुपये शुल्क भरा, करारातली ताब्याची तारीख दाखवा. व्याजासह पैसे परत मागा किंवा घर ठेवून ताबा मिळेपर्यंतचं व्याज घ्या. व्याजाचा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (बँकेचा कर्जासाठीचा आधारभूत दर) 2 टक्के जास्त. गोम आहे ती वसुलीत. बिल्डरने आदेश धाब्यावर बसवला, तर वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं: ऐरोली-वाशीचं ठाण्याला, खारघरचं अलिबागला. तिथे पाठपुरावा तुम्हालाच करायचा. तरीही एका फ्लॅटच्या भांडणात मी महारेराच निवडेन. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे. रेरा कायद्यामुळे तो बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं.

मग स्पर्धा आयोग कशासाठी? सिमेंट बघा. 2012 मध्ये संगनमताबद्दल, म्हणजे आपसात ठरवून स्पर्धा मारल्याबद्दल, 11 कंपन्यांना मिळून 6,000 कोटींहून जास्त दंड झाला. तो आदेश अपिलात रद्द झाला, 2016 मध्ये पुन्हा दंड, 2018 मध्ये अपिलात कायम, मग सर्वोच्च न्यायालय. वेळेचा हिशोब तुम्हीच करा. पण सिमेंटच्या वाढीव दराचा भार हजारो घरांच्या किमतीत थोडाथोडा विरघळतो, त्यासाठी एकटा फ्लॅटधारक कुठे भांडणार?

संगनमतात वर्चस्व सिद्ध करावं लागत नाही. सोसायटीने लिफ्टच्या कामासाठी कोटेशन मागवली आणि चार कंत्राटदारांचे आकडे एकाच स्पेलिंगच्या चुकीसकट जुळले, तर ते कागद, ईमेल, तारखा जपा आणि तीन वर्षांच्या आत स्पर्धा आयोगाकडे द्या. महारेरा त्यात काही करू शकणार नाही.