पहिली कॅटमरान: होबी १६ की होबी वेव्ह?

कॅटमरान म्हणजे दोन हल (बोटीचे तरंगणारे लांबट भाग) शेजारी-शेजारी जोडलेली शिडाची बोट. बोट-रचनाकार होबी ऑल्टर यांची होबी १६ फायबरग्लासची, दोन शिडांची आणि जबरदस्त वेगवान. पण जोराच्या वाऱ्यात तिच्या हलचं टोक पाण्यात घुसतं आणि बोट सरळ पुढे कोलांटते. नाक वाऱ्यासमोरून फिरवून वळतानाही ती अडते. पुढचं शीड क्षणभर उलट्या बाजूला धरून ठेवावं लागतं. त्यासाठी जोडीदार असलेला बरा.

वेव्ह १३ फुटांची, प्लास्टिकची. शीड एकच, बूम (शिडाच्या खालचा आडवा दांडा) नाही, त्यामुळे डोक्याला फटका नाही. किनाऱ्यावर घासली तरी फारसं बिघडत नाही. वेग कमी, पण एकट्याने शिकायला मी हीच सुचवेन.

जुनी १६ स्वस्त मिळतेय? आधी हलचा वरचा पृष्ठभाग बोटांनी दाबून बघा. मऊ लागला तर घेऊ नका.