कॅल्शियम हायड्रॉक्साइड की एमटीए?
कीड काढताना पल्पला (दाताच्या आतल्या नसा-रक्तवाहिन्यांच्या मऊ गाभ्याला) टाचणीच्या टोकाएवढं छिद्र पडलं तर वर काय ठेवायचं, असा एका नवोदित दंतवैद्य मैत्रिणीचा प्रश्न.

कॅल्शियम हायड्रॉक्साइड १९२०च्या दशकापासून वापरात आहे. स्वस्त, काही मिनिटांत घट्ट होणारं. पण ते हळूहळू विरघळतं, आणि त्याखाली बनणाऱ्या डेंटिनच्या (दाताच्या इनॅमलखालच्या कठीण भागाच्या) थरात बारीक बोगदे राहतात. वरचं फिलिंग गळू लागलं की जंतूंना तीच वाट!

एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रिगेट, एक प्रकारचं दंत-सिमेंट) महाग, घट्ट व्हायला पारंपरिक प्रकाराला पावणेतीन तास. दात काळवंडण्याचीही भीती. थर मात्र जाड, सलग बनतो.

रक्त थांबतच नसेल, तर दोन्ही व्यर्थ.

पल्प उघडा पडलेल्या दाढेत एमटीएच घाला. खड्डा खोल, पण पल्प झाकलेला असेल, तर कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा पातळ थर आणि वर ग्लास आयोनोमर (दाताला चिकटणारं फिलिंगचं सिमेंट) पुरे.