ग्लेझ्ड पोर्क चॉप्स: जाड की पातळ, मध-सोया की गूळ-व्हिनेगर?

साडेसातला घरी पोचायचं आणि नऊच्या आत जेवायचं असं गणित असेल तर ग्लेझचं, म्हणजे वरून द्यायच्या गोडसर चकचकीत थराचं, नंतर बघू, आधी चॉप किती जाड घ्यायचा ते ठरवा, कारण अर्धा निकाल तिथेच लागतो.

कोल्ड स्टोरेजमध्ये, म्हणजे थंड मांसाच्या दुकानात, बऱ्याचदा बिनहाडाचे, जेमतेम एक सेंटीमीटरचे पातळ तुकडे तयार मिळतात. त्यांचा फायदा एकच, वेळ वाचतो, चार-पाच मिनिटांत काम होतं. पण हा लॉइनचा म्हणजे पाठीचा भाग, त्यात चरबी कमी, त्यामुळे वरून छान रंग येईपर्यंत आतला रस उडालेला असतो आणि मग चावत बसा. हाडासकट एक इंच जाड घेतला तर रंग यायला आणि आतून शिजायला दोन्हीला वेळ मिळतो. सांगितलं तर कापून देतात, फक्त मशीनवर कापलेल्या चॉपला हाडाचा भुगा चिकटलेला असतो तो पुसून घ्या. शोल्डरचा चॉप चवीला भारी पण मऊ व्हायला वेळ खातो, तो रविवारी करा. माझं मत विचाराल तर जाडच घ्या, तव्यावर दहा मिनिटंच जास्त लागतात हो.

जाड चॉप एक लिटर पाण्यात 50 ग्रॅम मीठ विरघळवून अर्धा तास त्यात ठेवा, तेवढ्यात भात-कोशिंबीर होते. मग अगदी कोरडा पुसा, ओला राहिला तर भाजायच्या ऐवजी नुसता वाफवतो. कडेच्या चरबीला दोन-तीन चिरा द्या नाहीतर चॉप वाकडा होतो. बिडाचा तवा चांगला तापवा, आधी चिमट्याने चॉप उभा धरून चरबीची कड मिनिटभर दाबून ठेवा, ती सुटली की त्याच तुपकट चरबीत दोन्ही बाजू चार-चार मिनिटं भाजा. ओव्हनच्या भानगडीत आठवड्याच्या मधे पडू नका, तो तापेपर्यंत इकडे जेवण होतं.

आता ग्लेझ. मध-सोया सोपा आहे, मध आणि सोया सॉस दोन-दोन चमचे, वर ठेचलेला लसूण, आणि मुलं आवडीने खातात. पण मध पटकन करपतो आणि सोया मुळातच खारट, मिठाच्या पाण्यातला चॉप असेल तर ते जास्तच होतं. म्हणून तो पातळ, मीठ न लावलेल्या तुकड्यांना ठीक आहे. जाड चॉपला मी गूळ-व्हिनेगर म्हणेन: तीन चमचे किसलेला गूळ, दोन चमचे व्हिनेगर, लसूण, काश्मिरी तिखट, भरपूर मिरी. गोव्याचं माडाचं व्हिनेगर मिळालं तर सोडू नका, विंदालू काय नि सॉरपोतेल काय, तिकडे पोर्कबरोबर व्हिनेगर हवंच आणि ते का हे पहिल्या घासाला कळतं, चरबीचा जडपणा आंबटाने कापला जातो.

कुठलाही ग्लेझ असो, शेवटच्या दोन मिनिटांतच घालायचा, जास्तीची चरबी काढून, गॅस बारीक करून. आधी बारीक फेस येतो, मग बुडबुडे मोठे आणि संथ होतात, चमचा फिरवला की तव्याचा तळ क्षणभर दिसतो, तिथे थांबा. अजून तीस सेकंद गेली की कडवट.

शिजलं की नाही ते थर्मामीटरने बघा, बाजूने खुपसून, हाडाला न लावता. अमेरिकेत 2011 पासून अख्ख्या तुकड्यांना 63 अंश सेल्सियस आणि वर तीन मिनिटं विश्रांती असा सरकारी सल्ला आहे, त्याआधी 71 होता. आपल्याकडे पोर्क कुठून आलंय याची खात्री नसेल तर मी 71 वरच जाईन, टेपवर्मचा म्हणजे मांसातून पोटात जाणाऱ्या जंताचा विषय आहे, आणि तेवढ्यालाही मीठपाण्यातला जाड चॉप रसाळ राहतो, पातळ नाही राहत. ताटात काढून ठेवला की खाली जो रस साठतो तो परत तव्यातल्या ग्लेझमध्ये ओता, एकदा ढवळा आणि वरून घाला.