उरण लोकल, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर: सगळं छान, फक्त नेरूळला दोन मिनिटं थांबा

परवा संध्याकाळी परत तेच झालं. वाशीहून पनवेल लोकल पकडली, ती नेरूळला लागते ना लागते तोच तिथून सुटणारी उरणची गाडी हलली. आमच्या डब्यातून उतरून धावलेली माणसं पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर पोचेपर्यंत शेवटचा डबा निघून गेलेला. एका ताईंनी बाकावर बसून घरी फोन लावला, "भात तेवढा लावून ठेव, मी पुढच्या गाडीने येते." पुढची गाडी म्हणजे किती वेळ हे उरणकरांना सांगायला नको. त्या संतापातच हे लिहायला घेतलंय, पण गाडीवर अन्याय नको म्हणून आधी चांगलं लिहितो, कारण चांगलं खूप आहे.

रोजचा प्रवास उरण ते वाशी. लोकल यायच्या आधी दोनच रस्ते होते, बस नाहीतर बाईक, आणि दोन्हीत जेएनपीटी बंदराचे कंटेनर ट्रेलर. गव्हाण फाट्याला एकदा ट्रेलरची रांग लागली की तासभर काय दीड तासही जायचा, पावसाळ्यात तर खड्डे आणि अंधार, घरचे रोज रात्री दाराकडे डोळे लावून बसायचे. मुंबईला जायचं तर मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँच, पण मोऱ्याला गाळ इतका की ओहोटीला लाँच धक्क्याला लागायचीच नाही, भरतीची वाट बघा. नव्वदच्या दशकात मंजूर झालेली ही रेल्वे खारकोपरपर्यंत आली नोव्हेंबर २०१८ मध्ये आणि उरणला पोचली १२ जानेवारी २०२४ ला, अटल सेतूचं उद्घाटन झालं त्याच दिवशी. आमच्या वडिलांच्या पिढीने नुसतं ऐकलं, आम्ही बसलो.

आणि बसलो म्हणजे खरंच बसलो. सकाळी उरणला गाडी रिकामी लागते, खिडकी मिळते. मुंबईच्या लोकलमध्ये लटकून आयुष्य काढलेल्या माणसाला ह्याची किंमत कळेल. करंजाच्या मावश्या मासळीच्या पाट्या घेऊन चढतात, बर्फाचं पाणी गळू नये म्हणून पाटीखाली प्लास्टिक अंथरतात, वर ओलं फडकं टाकतात आणि मग निवांत डबा उघडतात. द्रोणागिरी सोडलं की तिवरं, मिठागरं, पाणथळ जागा, हिवाळ्यात पक्षी. नेरूळपर्यंत पाऊण तास, तोही ठरलेला. रस्त्याने कधी पोचणार हे सांगताच यायचं नाही, आता ऑफिसात वेळ सांगून पोचतो. माझ्यासाठी गाडीचा सगळ्यात मोठा गुण हाच.

खर्चाचं म्हणाल तर पास काढा आणि तिमाहीच काढा. तिमाही पास मासिकाच्या २.७ पट पडतो, म्हणजे तीन महिन्यांच्या पैशातून एका महिन्याचे जवळपास तीस टक्के वाचतात, वर दर महिन्याला रांगेत उभं राहणं नाही. बाईकचं पेट्रोल, टायर, सर्व्हिसिंग धरलं तर पासचे पैसे अगदी किरकोळ वाटतात. कोट नाक्याच्या बाजूला जे राहतात त्यांचा तर रिक्षाचा खर्चही नाही. बाकीच्यांनी मात्र शेअर रिक्षाचा हिशोब आधी करा, कारण करंजा किंवा मोऱ्याकडून येणाऱ्यांना रोजचे रिक्षाचे पैसे लोकलच्या पैशापेक्षा जास्त पडतात.

आता मुख्य तक्रार. सुरुवातीला मीही सगळ्यांसारखं म्हणायचो की फेऱ्या कमी आहेत, वाढवा. दिवसाला ४० फेऱ्या, त्यातल्या काही बेलापूरच्या काही नेरूळच्या, तासाला एक धरून चालायचं. मग डिसेंबर २०२५ मध्ये तरघर आणि गव्हाण स्टेशनं उघडली आणि फेऱ्या ५० झाल्या, मनापासून आनंद झाला. पण थोडे दिवस वापरल्यावर लक्षात आलं की माझी संध्याकाळ काही बदललेली नाही. फेऱ्या वाढल्या तरी हार्बर लाइनची (मुंबई-वाशी-पनवेल) गाडी आणि उरणची गाडी एकमेकींना भेटतच नाहीत. त्यामुळे आता माझं मत असं झालंय की अजून दहा फेऱ्या मिळाल्या नाहीत तरी चालेल पण आहेत त्या हार्बरला जुळवून द्या.

हे मी इतकं लावून धरतो ह्याचं कारण समजून घ्या. उरणच्या गाडीत संध्याकाळी बसणारा बहुतेक माणूस नेरूळ किंवा बेलापूरला जन्माला येत नाही, तो वाशीहून, कुर्ल्याहून, मुंबईहून हार्बरने येतो नाहीतर ठाण्याहून ट्रान्सहार्बर लाइनने. म्हणजे जोडगाडी चुकली तर प्रवास तासाने लांबतो आणि चुकणार असं वाटलं की माणूस परत बाईक काढतो. आमच्या ओळखीच्या दोघांनी ह्याच कारणाने पास सोडला. ठाणे-कल्याणला दोन मिनिटं गाडी थांबवली तर मागे गाड्या तुंबतात, ते मान्य. पण आमच्या उरण मार्गावर मागून लगेच दुसरी गाडी येतच नाही, मग हार्बरची लोकल स्टेशनात शिरताना दिसत असताना उरणची दोन मिनिटं धरून ठेवली तर कुणाचं काय बिघडतं? पैसा लागत नाही, रूळ लागत नाहीत, जमीन लागत नाही. ह्या मार्गाच्या खर्चात सिडकोचा वाटा ६७ टक्के आणि रेल्वेचा ३३, एवढा डोंगराएवढा पैसा घालून झाल्यावर दोन मिनिटांसाठी माणसं बाकावर बसवून ठेवायची हे मला पटत नाही. मी तक्रार वहीत लिहिलंय, लेखी अर्जही दिलाय, पोच मिळाली, उत्तर नाही.

रेटिंग द्यायचं तर पाचापैकी चार. सकाळच्या बाजूला पाच, संध्याकाळला तीन. नवीन येणाऱ्यांनी घर घेताना बिल्डरच्या "स्टेशनपासून पाच मिनिटं" वर जाऊ नका, आधी तुमच्या ऑफिस सुटायच्या वेळेला नेरूळ आणि बेलापूर दोन्हीकडची उरण गाडी किती वाजता आहे ते बघा आणि एक आठवडा स्वतः करून बघा. सीवूड्सकडे काम असेल तर नेरूळची धरा. आणि जे रोज येताय त्यांनी प्लीज अर्ज द्या, तारीख, वेळ आणि कुठली गाडी चुकली ते लिहून, कारण पुढचं टाइमटेबल बनेल तेव्हा टेबलावर एकट्याचा कागद असून उपयोग नाही. मी माझ्याकडचा नमुना स्टेशनवर कुणालाही द्यायला तयार आहे, सकाळच्या गाडीत पुढून दुसऱ्या डब्यात असतो.