बालीतल्या उबुडचं बागेतलं रिसॉर्ट: नाशिककरांनी बुकिंगआधी पाहावं असं

चाफा, कमळाचं तळं, समोर भातखाचरं. बागेला पूर्ण गुण. पण बेडूक आणि मोठ्या पाली रात्रभर ओरडतात, म्हणून झोप सावध असेल तर तळ्यापासून लांबची खोली मागून घ्या. उघड्या न्हाणीघराचं कौतुक फोटोपुरतंच. नोव्हेंबर ते मार्च पावसात टॉवेलसुद्धा वाळत नाही.

दरापुढे दोन अधिक चिन्हं दिसली की कर आणि सेवाशुल्क मिळून साधारण 21 टक्के वाढतात. देनपसार विमानतळ 40 किलोमीटरच्या आत, तरी गर्दीत दीड तास धरा.

शाकाहारींनी जपावं. सांबाल चटणीत बहुधा कोळंबीचा खार असतो, तोच गाडो-गाडो या भाज्यांच्या सॅलडच्या शेंगदाणा रस्स्यातही येतो, त्यामुळे 'भाज्याच आहेत' या उत्तरावर थांबू नका. टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, मात्र जरूर मागवा. नळाचं पाणी पिऊ नका. आपली गोल दोन-पिनी चार्जरं चालतात, तीन-पिनी नाही.

गुढीपाडव्याची सुट्टी साधणाऱ्यांनी तारीख तपासावी: न्येपी, म्हणजे बालीचा मौनाचा नववर्षदिन, बहुतेक वर्षी त्याच सुमारास येतो. त्या दिवशी विमानतळ 24 तास बंद, रस्त्यावर जायला मनाई. रिसॉर्टच्या आवारात फिरता येतं, दिवे मंद ठेवून.