रीनेमची रेस: स्पिनलॉक की सीक्वेन्स काउंटर?

लिनक्समध्ये एक थ्रेड पाथ शोधत असतानाच दुसऱ्याने रीनेम केलं, तर जुन्या नावाला भलताच आयनोड (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) चिकटू शकतो.

डेंट्रीवर, म्हणजे नाव आणि आयनोड जोडणाऱ्या मेमरीतल्या नोंदीवर, स्पिनलॉक (सुटेपर्यंत बाकीच्यांना जागीच थांबवणारं कुलूप) लावला की प्रश्न मिटतो आणि कोडही सहज कळतो. पण रूट डिरेक्टरीची डेंट्री प्रत्येक पूर्ण पाथला लागते. सगळे कोअर तिथेच ताटकळतात.

२०११ च्या लिनक्स कर्नल २.६.३८ पासून वाचणारा लॉक घेतच नाही. आधी डेंट्रीचा सीक्वेन्स काउंटर (रीनेम झालं की बदलणारा आकडा) वाचायचा, मग नाव आणि आयनोड, मग पुन्हा काउंटर. आकडा बदलला असेल तर वाचलेलं सगळं रद्द, आणि लॉकवाल्या जुन्या वाटेने पुन्हा शोध. मात्र डेंट्रीची मेमरी आरसीयूने (आधीपासूनचे वाचणारे संपेपर्यंत थांबणारी पद्धत) उशिरा सोडावी लागते. हे विसरलात तर काउंटरही वाचवणार नाही.

रीनेम क्वचित, शोध अखंड. इथे काउंटरच हवा. जिथे लिहिणारेच जास्त, तिथे मी बेधडक लॉक घेईन.